टीव्हीखाली ठेवायचा छोटा गेमिंग पीसी: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

सोफ्यावरचा_खेळाडू

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका, माझं डोकं पार भंजाळलंय.

तर झालंय असं की सेलमध्ये घेऊन घेऊन स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) गेम्सचा ढीग साठलाय, पण ते सगळं बेडरूममधल्या टेबलाशी खुर्चीत बसून खेळायचा आता खरंच कंटाळा येतो, दिवसभर कामालाही खुर्चीच असते. हॉलमध्ये ४के १२० हर्ट्झचा चांगला टीव्ही आहे, कंट्रोलर आहेत, सोफा आहे, नाहीये तो फक्त पीसी. टॉवर उचलून तिथे न्यावा म्हणलं तर टीव्ही युनिटमध्ये मावत नाही, आणि बाहेर ठेवला तर "हे डबडं इथे नको" असं घरात माझं मत न विचारता एकमताने ठरलंय.

म्हणून ते छोटे गेमिंग पीसी बघायला लागलो आणि तिथे गाडी अडली. तेवढ्याच ताकदीचा साधा टॉवर बराच स्वस्त पडतो, कन्सोल तर त्याहून स्वस्त. मग हा जो वरचा पैसा लावलाय तो नेमका कशाचा? नुसतं छोटं असण्याचा? की आत काही वेगळं असतं जे मला कळत नाहीये?

खेळतो काय ते सांगतो: बहुतेक सिंगल प्लेयर, भाऊ आला की शेजारी बसून दोघांचे गेम, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन शूटर. जुन्या टॉवरमध्ये जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे, ६ जीबीवालं.

"कन्सोल घे आणि गप्प बस" एवढंच लिहायचं असेल तर आधीच धन्यवाद.

लिटरमोजे

चांगला प्रश्न. पण "छोटा गेमिंग पीसी" ह्या एका नावाखाली तीन वेगळ्या जाती विकल्या जातात आणि तिन्हींचे जास्तीचे पैसे वेगवेगळ्या कारणाने लागतात, म्हणून तुमचा गोंधळ होतोय.

पहिली जात म्हणजे डब्यात घातलेला लॅपटॉप. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी काढून टाकलेला लॅपटॉपच तो. इंटेलचे नक नावाचे छोटे पीसी ह्याच वळणाचे, इंटेलने जुलै २०२३ मध्ये तो धंदा सोडला आणि असुसने पुढे चालवला, आता आरओजी नक म्हणून येतात ते तेच. ह्यात फसायला होतं ते कार्डाच्या नावाने. खोक्यावर आरटीएक्स ४०७० लिहिलेलं असतं पण ते लॅपटॉपवालं ४०७०, त्याला ८ जीबी मेमरी, डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये तर डेस्कटॉपच्या ४०८० जातीची चिप आहे. शिवाय वॅट कमी. म्हणजे नाव एक, माल दुसरा, आणि वर सगळं बोर्डावर सोल्डर केलेलं, उद्या कार्ड बदलू म्हणाल तर नाही जमत. रॅम आणि एसएसडी तेवढी बदलता येते. मला विचाराल तर सगळ्यात कमी मोबदला ह्या जातीत मिळतो.

दुसरी जात आयटीएक्स. म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा मदरबोर्ड, एसएफएक्स म्हणजे छोट्या मापाचा पॉवर सप्लाय, आणि कार्ड बोर्डाला पाठ लावून उभं करायला रायझर केबल. इथे जास्तीचे पैसे जातात केस, बोर्ड आणि सप्लाय ह्या तीन गोष्टींत, प्रोसेसर आणि कार्ड मात्र बाजारात जे आहे तेच, त्याच भावाचं. रॅमचे स्लॉट बहुतेक दोनच, आणि मोठा पीसीआय स्लॉट एकच, पण गेमिंगला अजून काय लागतं? मुख्य म्हणजे हा पैसा एकदाच जातो. पुढे दोन कार्डं बदला, केस तीच राहते, लांबी आणि जाडी मोजून घेतली म्हणजे झालं.

तिसरी जात एकाच चिपवाली. रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ ऐकलं असेल, १६ कोअर आणि त्याच चिपमध्ये ४० कम्प्युट युनिटचं (ग्राफिक्सचं काम करणारे छोटे विभाग) ग्राफिक्स. फ्रेमवर्कचा साडेचार लिटरचा डेस्कटॉप ह्याच चिपवर आहे. इंजिनिअरिंग म्हणून अप्रतिम, पण रॅम सोल्डर केलेली, कारण २५६ बिटची बस त्या वेगाने स्लॉटमधून चालवणं अवघड जातं. आणि खरी मेख अशी की १२८ जीबीपर्यंत मेमरी घालता येते म्हणून घरच्या घरी एआय मॉडेल चालवणारी मंडळी त्याच्यावर तुटून पडलीयेत, म्हणजे भाव त्यांच्या गरजेने ठरतो आणि आपण गेम खेळणारे तो उगाच भरतो. गेमिंगची ताकद मधल्या फळीतल्या लॅपटॉप कार्डाच्या आसपास.

तेव्हा आधी जात विचारा, मग किंमत. (ह्या बाबतीत तरी विचारायला हरकत नाही, ह.घ्या.)

जुनी_डिस्क

नको म्हणालात तरी कन्सोलचं लिहितोच, नुसतं "घे" म्हणत नाही, कारण देतो.

पीएस५ मध्ये एएमडीच्या झेन २ पिढीचे ८ कोअर, ३६ कम्प्युट युनिट, १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी. ही ताकद पीसीत जोडायला गेलात की लगेच कळतं कन्सोल स्वस्त का पडतो. कंपनी खोक्यावर फारसं कमवतच नाही, कधी तोटाही सोसते, आणि मग दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवर ३० टक्के कापून घेते. पीसी बनवणाऱ्याकडे असं दुकान नसतं, त्याला जे कमवायचं ते खोक्यावरच कमवावं लागतं. म्हणजे तुम्ही जो जास्तीचा पैसा म्हणताय त्यातला एक मोठा हिस्सा हाच आहे, आकाराशी त्याचा काही संबंध नाही.

आणि सोफ्यावर बसून खेळायचं तर कन्सोलचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप चालू, गेम जिथे सोडला तिथून सुरू. पीसीवर कंट्रोलर हातात घेऊन बसायचं आणि समोर अपडेटची खिडकी, ती बंद करायला माउस शोधा. हे मी दुसऱ्यांच्या घरी इतकं बघितलंय की विचारू नका.

पेंग्विनपंथी

जुनी_डिस्क, अर्धं बरोबर. पण धागाकर्त्यांकडे आधीच स्टीमचा ढीग आहे हे विसरलात. कन्सोल घेतला की तो ढीग शून्य, आवडीचे गेम परत विकत घ्या, आणि ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक गेमसाठी दर महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी वेगळी. पीसीवर ऑनलाइनला अशी वर्गणी नाही. आधी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, ह्या पिढीत तेही उलटं झालंय, २०२० चा पीएस५ अमेरिकेत २०२५ मध्ये महाग केला. चार-पाच वर्षांचा हिशोब मांडा, अंतर बरंच कमी होतं.

आता अपडेटच्या खिडकीबद्दल. ती विंडोजची खोड आहे, पीसीची नाही. विंडोजऐवजी स्टीमओएस किंवा बझाइट ही लिनक्सवरची ओएस टाकली की बटण दाबल्यावर थेट गेम्सची भिंत समोर येते, सगळं कंट्रोलरवर. ज्यांना स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीची २०१५ ची स्टीम मशीन्स आठवतायत ते हसतील, कारण तेव्हा डेबियनवरचं स्टीमओएस होतं, लिनक्सवर चालणारे गेम मोजकेच, आणि २०१८ मध्ये तर दुकानाच्या मुख्य मेनूतूनही ती गायब झाली. पण त्याच २०१८ मध्ये प्रोटॉन आलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालायला लागले, मग २०२२ ला हातात धरून खेळायचं स्टीम डेक. तेव्हाचा आणि आताचा काळ एकच धरू नका.

व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन स्टीम मशीन जाहीर केलं तेही ह्याच चर्चेतलं आहे. सगळ्या बाजूंनी साधारण १६ सेंटिमीटरचा ठोकळा, आत झेन ४ चे ६ कोअर, आरडीएनए ३ ग्राफिक्सची २८ कम्प्युट युनिट, ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची वेगळी मेमरी), १६ जीबी रॅम, पॉवर सप्लायसुद्धा आतच. लिटरमोजेंच्या तीन जातींत हे बसत नाही, चिप खास बनवून घेतलेली आहे. व्हॉल्व्हकडे तीस टक्केवालं दुकान असूनही त्यांनी सांगितलंय की किंमत त्याच ताकदीच्या पीसीच्या हिशोबाने असेल, कन्सोलसारखा तोटा सोसून विकणार नाही. कारणही उघड आहे, ते खोकं उघडं आहे, त्यावर कोणीही काहीही टाकू शकतो, एखाद्या ऑफिसने शंभर नग उचलून स्टीमवर एकही गेम घेतला नाही तर तोटा वसूल कुठून करणार?

८ जीबी व्हीरॅम मला मात्र खटकते. ४के टीव्हीला लावायच्या वस्तूत एवढी कंजुषी नको होती.

सोफ्यावरचा_खेळाडू

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद. लिटरमोजे, लॅपटॉपवाल्या कार्डाची भानगड मला खरंच माहीत नव्हती, मी जो पसंत केला होता तो पहिल्या जातीतलाच निघाला.

पेंग्विनपंथी, स्टीमओएस टाकलं तर मित्रांबरोबरच्या शूटरचं काय? ऐकलंय की काही गेम चालतच नाहीत.

पेंग्विनपंथी

ते मात्र खरं आहे, लपवत नाही. जे गेम अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) थेट कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात बसवतात ते लिनक्सला उभं करत नाहीत. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, एपेक्स लेजंड्स आधी चालायचं ते ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी बंद केलं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मस्त चालतात, ते व्हॉल्व्हचेच. तेव्हा मित्र काय खेळतात ह्यावर सगळं आहे. व्हॅलोरंट असेल तर विंडोजच ठेवा, आणि हट्ट असेल तर दोन्ही टाका, बूट करताना निवडायचं.

शांतताप्रिय

सगळे फ्रेम्स आणि कम्प्युट युनिट मोजतायत पण हॉलमध्ये पीसी ठेवल्यावर पहिला त्रास होतो तो आवाजाचा, ते कोणीच बोलत नाहीये.

कार्ड दोनशे वॅट खात असेल तर दोनशे वॅट उष्णता बाहेर टाकावीच लागते, खोकं लहान असो वा मोठं. मोठ्या टॉवरमध्ये १४० मिलिमीटरचे पंखे आरामात हळू फिरून ते काम करतात, छोट्या डब्यात ९२ चा किंवा त्याहून लहान पंखा असतो आणि तेवढीच हवा ढकलायला त्याला जोरात पळावं लागतं. जोरात पळालेला छोटा पंखा नुसता मोठा आवाज करत नाही, चिरका करतो, आणि गेममध्ये एखादा शांत प्रसंग आला की तोच ऐकू येतो. टेबलावर हेडफोन असतात म्हणून चालून जातं. हॉलमध्ये बहुतेक जण टीव्हीच्या स्पीकरवर खेळतात आणि शेजारी कोणीतरी बसलेलं असतं, त्याने काय पाप केलंय?

म्हणून माझ्या मते छोट्या पीसीत जास्तीचे पैसे देण्यासारखी एकच गोष्ट आहे, थंड ठेवण्याची व्यवस्था. त्यात पैसा घातलेला असेल तर द्या, नुसता आकार लहान केला असेल तर एक पैसाही जास्त देऊ नका. नवीन स्टीम मशीनचे आतले फोटो बघा, अर्ध्याहून जास्त जागा हीटसिंक आणि एकाच मोठ्या पंख्याने घेतलीये. एक्सबॉक्स सिरीज एक्सही तसाच, पावणेसात-सात लिटरचा उभा खांब, वरून एक मोठा पंखा हवा खेचून काढतो. ही मंडळी आधी हवेचा रस्ता ठरवतात आणि मग खोकं. स्वस्त मिनी पीसीवाले नेमकं उलटं करतात.

आता दुसरा मुद्दा टीव्ही युनिटचा. पाठीमागून प्लायने बंद असलेल्या कप्प्यात पीसी सरकवला की तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, पंधरा-वीस मिनिटांत पंखे बोंबलायला लागतात आणि मग लोक म्हणतात पीसी खराब. युनिटची पाठ कापून घ्या, किंवा सरळ वर ठेवा. काचेचं दार असेल तर खेळताना उघडं.

तिसरं, घेतल्यावर करायचं काम. कार्डाचं पॉवर लिमिट थोडं खाली ओढा, वॅट बरेच कमी होतात आणि फ्रेम्स थोड्याच जातात. आणि सिंगल प्लेयर गेमला ६० वर फ्रेम्स बांधून टाका. एवढ्याने आवाजात जो फरक पडतो तो महाग कूलरनेही पडत नाही. ४के साठी घाबरायचं कारण नाही, एनव्हिडियाच्या डीएलएसएस (छोटं चित्र मोठं करायचं तंत्र) क्वालिटीवर कार्ड आतून १४४० पी काढतं आणि चित्र ४के ला नेतं, सोफ्याच्या अंतरावरून बहुतेकांना फरक सांगता येणार नाही.

अवांतर: आरजीबी दिवे असलेला केस हॉलमध्ये घेऊ नका, अंधारात टीव्ही बघताना डोळ्यात जातात आणि ते बंद करायचं सॉफ्टवेअर ही अजून एक पिडा.

वायरवाली

शांतताप्रिय यांना +१००.

पण दादा, मला एक सांगा, बेडरूममध्ये टॉवर आहेच ना तुमच्याकडे? मग हॉलमध्ये दुसरा पीसी कशाला? टॉवर तिथेच राहू दे, त्यात सनशाइन (चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर) टाका, टीव्हीकडे मूनलाइट (ते चित्र दाखवणारं) चालणारी कुठलीही छोटी वस्तू, गेम तिकडे चालतो आणि चित्र इकडे येतं. आवाज बेडरूममध्ये, उष्णता बेडरूममध्ये, हॉलमध्ये फक्त तळहाताएवढी डबी. छोट्या पीसीचा जो जास्तीचा पैसा आहे तो नवीन कार्डात घाला, कितीतरी वरचं कार्ड येईल.

अट एकच, टॉवरपासून राउटरपर्यंत केबल टाका. निदान टॉवरच्या बाजूने तरी वायफाय नको. लोक दोन्हीकडे वायफाय ठेवतात आणि मग स्ट्रीमिंग बेकार म्हणून शिव्या घालतात. केबलवर सिंगल प्लेयर आणि दोघांचे गेम एकदम सुरळीत, शूटरला मात्र थोडा उशीर जाणवतो हे खरं, ते तुम्ही टेबलावरच खेळा.

लिटरमोजे

हा पर्याय चांगला आहे, पण १०६० म्हणजे २०१६ चं कार्ड, ते स्ट्रीम करून १०६० चंच चित्र येणार. नवीन कार्ड घालायचं तर जुना पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि किती जुना ते आधी बघा, आणि प्रोसेसर त्याच काळातला असेल तर तोही अडवेल. म्हणजे "फक्त कार्ड" म्हणता म्हणता अख्खा पीसी होतो.

आणि सध्या वेळही वाईट आहे. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव भडकले, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा सामान्य ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. रॅम आणि एसएसडी न घातलेला बेअरबोन डबा स्वस्त दिसतो तो म्हणूनच, वरचा खर्च धरून बेरीज करा. तुमच्या टॉवरमधली रॅम डीडीआर४ असणार, ती नवीन डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही, आणि बऱ्याच मिनी पीसींना लागते लॅपटॉपची छोटी रॅम, म्हणजे तीही नाही. जुनी एसएसडी तेवढी उपयोगी पडेल, एम.२ ची असली तर.

जुनी_डिस्क

बघा, प्लाय कापा, केबल टाका, लिमिट ओढा, दोन ओएस टाका. आणि मी म्हणतोय तो खोका काढून लावला की झालं 😄

पेंग्विनपंथी

लावला की झालं, आणि मग ढीगभर गेम परत विकत घ्यायचे 😄

सोफ्यावरचा_खेळाडू

भांडू नका रे!

बरं, मित्रांना विचारलं, ते व्हॅलोरंटच खेळतात आणि सोडायला तयार नाहीत. म्हणजे ते टेबलावर जुन्या टॉवरवर, १०६० ला ते सहज झेपतं. राहिले सिंगल प्लेयर आणि भावाबरोबरचे. वायरवाली ताई, आधी तुमचंच करून बघतो, फुकट आहे, केबल घरात पडलेली आहे. त्यात सोफ्यावर खरंच किती खेळलं जातं तेही कळेल, नाहीतर हौसेने डबा आणायचा आणि त्यावर टीव्ही मालिका बघायच्या. खेळलं गेलं तर मग आयटीएक्स किंवा व्हॉल्व्हचा ठोकळा, लॅपटॉपची जात बाद.

एकच शंका. पुढेमागे व्हॉल्व्हवालं घेतलंच तर माझ्या टीव्हीचे ४के १२० हर्ट्झ मिळतील का? आणि टीव्ही आपोआप चालू व्हायचं जे जुनी_डिस्क म्हणाले ते पीसीला होतं का?

पेंग्विनपंथी

दुसऱ्याचं आधी. त्याला सीईसी म्हणतात, साध्या ग्राफिक्स कार्डांत ते नसतं, त्यामुळे घरी जोडलेल्या आयटीएक्सला यूएसबीचा वेगळा अडॅप्टर लागतो. स्टीम मशीनमध्ये सीईसी दिलंय, आणि कंट्रोलरने झोपेतून उठवायची सोयही.

१२० हर्ट्झचं जरा किचकट आहे. जाहीर केलेल्या माहितीत एचडीएमआय २.० लिहिलंय. त्यावर ४के ६० पूर्ण रंगात येतं, १२० हवं तर रंगाची माहिती कमी करून पाठवावी लागते, गेममध्ये पटकन दिसत नाही पण बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. ह्याच्या मागे भानगड अशी की एएमडीला लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायचं होतं आणि २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने परवानगी नाकारली. हार्डवेअर असून अडलं. डिस्प्लेपोर्ट १.४ आहे, त्यातून अडॅप्टर लावून टीव्हीला जाता येतं, पण मग व्हीआरआर (टीव्हीचा वेग फ्रेम्सशी जुळवणारी सोय) नीट चालेलच असं नाही. तसंही २८ कम्प्युट युनिटवर नव्या मोठ्या गेममध्ये ४के ला १२० फ्रेम्स येणार नाहीतच, ६० धरून चाला.

शांतताप्रिय

आणि टीव्हीच्या मागे आधी बघा. चारही पोर्टवर १२० हर्ट्झ चालत नाही बऱ्याच टीव्हींमध्ये, दोनच तसे असतात, त्यातला एक ईएआरसीवाला, म्हणजे साउंडबार असेल तर तो अडलेला. उरला एक. पोर्टशेजारी लिहिलेलं असतं, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल फॉरमॅट वाढवावा लागतो, मूळचा तो कमीवर ठेवलेला असतो. गेम मोडही त्याच पोर्टला लावा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि मग पीसीला दोष.

सोफ्यावरचा_खेळाडू

साउंडबार आहेच. बघतो आज रात्री टॉर्च घेऊन.